आईची दुसरी सहामाही

मुकुंदवाडी,
भाद्रपद वद्य पंचमी

तीर्थस्वरूप रामकिसनदादांच्या पायांवर डोकं ठेवून (आणि वहिनींना वाकून) बद्रीनाथ लिहितो की, इकडं सारे आपापल्या परीनं क्षेम आहोत. तुमचा गुडघा बजाजनगरच्या जिन्याशी अजून भांडतो की दोघांत तह झाला, ते कळवावं.

लिहिण्यास कारण, दसरा जवळ आला. आपल्या ठरावाप्रमाणं वैशाखातल्या आखाजीपासून दसऱ्यापर्यंत आई माझ्याकडं आणि तिथून पुढची सहामाही तुमच्याकडं. वहिनींनी तिच्यासाठी खोली रंगवून घेतल्याचंही कळलं. तेव्हा आई कोणत्या स्थितीत तुमच्या स्वाधीन होईल, हे आधी सांगणं माझं कर्तव्य ठरतं. न्यायशास्त्र म्हणतं, आत्मा मनाला, मन इंद्रियाला आणि इंद्रिय वस्तूला भेटलं की ज्ञान होतं. (तुम्ही जांभई देताय, ते इथून दिसतं.) आईच्या बाबतीत या चौघांचं आपसांत बोलणं बंद आहे. विसरण्याचा आजार आपल्याला ठाऊक होताच; डॉक्टर आता म्हणतात की त्याच्या जोडीनं नाक, जीभ, कान अशी एकेक मंडळी उठून चालली आहेत. दूध करपून भांडं काळं होतं आणि आई गॅसशेजारीच शांत बसलेली असते. जिभेला मीठ लागत नाही म्हणून ती वरणात मीठ टाकते. टाकल्याचं आठवत नाही म्हणून पुन्हा टाकते. आमचे मुख्याध्यापक नानासाहेब आमच्याकडं ते वरण जेवले. सुसंस्कृत माणूस, त्यामुळं 'चव आहे' एवढंच म्हणाले, आणि पाण्याचा तांब्या उचलून स्वतःच्या ताटाशी ठेवून घेतला. कानाचं यंत्र आणलं, तर ते हरवलं. बरेच दिवस ज्वारीच्या डब्यातून बारीक शिट्टी यायची आणि आमची सौ. सरू त्याला उंदीर समजून डब्याभोवती औषध ठेवत होती.

डोळ्यांची तर वेगळीच तऱ्हा. मोतीबिंदू काढला, दिसतं चांगलं. पण दिसलेलं आत पोचेपर्यंत त्याचं काहीतरी भलतंच होतं. सरूनं दाराशी काळं पायपुसणं टाकलं, तर आईच्या लेखी तो आड झाला. ती स्वतः ओलांडेना, ते ठीक. पण ती आल्यागेल्याचे जीव वाचवू लागली. नानासाहेब पुन्हा आले (धीराचा माणूस), तेव्हा तिनं त्यांचं मनगट घट्ट धरलं. म्हणाली, "पाय नको टाकू रं लेकरा, आड हाय." नानासाहेब निवृत्तीला टेकले असून त्यांना लेकरू म्हणणारं आता कोणी उरलेलं नाही, त्यामुळं ते गुमान बाहेर उभे राहिले. दोरीवर साप दिसला तर दिवा आणावा, साप नाहीसा होतो, हे वेदान्ताचं उदाहरण मी पोरांना इतकी वर्षं सांगत आलो. तेव्हा प्रयोग करावा म्हणून बॅटरी आणली आणि पायपुसण्यावर उजेड पाडला. आईनं वाकून नीट पाहिलं.

"पाणी लई खाली गेलंय," ती म्हणाली.

नानासाहेबांनीही वाकून पाहिलं.

असो. वरचा सगळा मजकूर वहिनींना सावकाश वाचून दाखवावा, एकही प्रसंग गाळू नये. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रिक्षा घेऊन यावं. सरूनं आईचं गाठोडं बांधून ठेवलं आहे.

तुमचा धाकटा,
बद्रीनाथ

ता. क. गाठोडं आईनं सोडलं. सरूला पुन्हा बांध म्हटलं, तर 'बघू' म्हणते.

आणखी एक ता. क. (हा वहिनींना वाचून दाखवू नये.) दादा, रिक्षा आणू नका. वहिनी मायेपोटी हट्ट धरतील, म्हणून वर एवढा पाढा वाचला. तो ऐकून त्या स्वतःच 'राहू द्या तिकडंच' म्हणाल्या तर तुमची सुटका होईल. मागच्या सहामाहीत आई तुमच्याकडं दिवसभर भिंतीवरून हात फिरवत असायची आणि वहिनींनी, भिंत पुसायचीय असं समजून, तिला फडकं आणून दिलं होतं. ती इथला कोनाडा शोधत होती. तिला आता हातच तेवढा उरला आहे, आणि तो हात हेच घर ओळखतो. थोरल्यानं आईला धाकट्याच्या गळ्यात टाकलं, असं भावकीत बोलतील. तेवढं माझ्यासाठी ऐकून घ्या. इथं रोज सकाळी ती कोनाडा चाचपत वळते, माझ्यापर्यंत येते, तोंडावरून हात फिरवते आणि विचारते, "रामकिसन, जेवलास का?" मी तिला नाव दुरुस्त करून देत नाही, उत्तर तर तिला ऐकूच जात नाही. मग तिचा हात माझ्या पोटावर ठेवतो (पुरावा भरपूर आहे), तिची खात्री पटते आणि ती जाऊन बसते. तेव्हा आपली सहामाही बुडाली असं मनाला लावून घेऊ नका. आईच्या हिशेबी ती तुमच्याकडंच आहे.