डबी सापडली तो रविवार

अण्णा, गेल्या रविवारी मी चारचौघांत माझ्या मैत्रिणीवर ओरडले आणि तोंडून शब्द निघाले ते तुमचे. तेव्हापासून मला स्वतःचा कमी आणि तुमचाच राग जास्त येऊन राहिलाय. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. गेलेल्या माणसावर राग काढायचा तरी कसा?

माझ्या कॉलेजातल्या दोन मैत्रिणी तुम्हाला आठवत असतील. एक इथंच नांदेडला बँकेत आहे. दुसरीला अर्धापूरला दिली, केळीच्या बागायतदाराच्या घरात. तिचा नवरा मागच्या वर्षी बसल्या जागी गेला आणि तिनं घराबाहेर पडणंच सोडलं. आम्ही बोलावून थकलो. मग पंधरा दिवसांमागं तिचाच फोन आला, "लेकीनं मोबाइलमध्ये एक खेळ टाकून दिलाय. चला की तिघी जाऊ. भिंती खायला उठल्यात मला." खेळ असा, की कुणीतरी रानात एक डबी लपवून ठेवतं आणि तिची जागा नेटवर टाकतं. आपण मोबाइलवरचा बाण बघत ती हुडकायची, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबी होती तशी परत ठेवायची. मला हसू आलं, पण ती बाहेर पडतेय म्हटल्यावर मी लगेच हो म्हणाले.

लातूर रस्त्याला वनखात्याचं उद्यान आहे, एका टेकडीवर. तिथं पोचलो आणि माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. मोबाइल म्हणतो डबी अकरा मीटरवर आहे. तेवढं चाललं की म्हणतो चौदा, आणि बाण पाठीमागं. बँकवाली दर झाडापाशी थांबून फोटो काढतेय. अर्धापूरवाली मोबाइल पुढं धरून बाण वळेल तशी वळतेय आणि हसतेय, "अगं, हा तर मला भोवऱ्यासारखा फिरवून राहिला!" तासभर हेच चाललेलं. ऊन चढलं, साडीला कुसळं चिकटली, पाणी संपत आलं. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजून बांध ठरवून देणाऱ्या माणसाची मी लेक, मला ते भटकणं बघवेना. मी कारभार हातात घेतला. अर्धापूरवालीला एका मोठ्या दगडापाशी उभं केलं. म्हटलं, "इथून हलू नको. आकडा थिर झाला की ओरडून सांग, मी पावलं मोजत जाते." पावलं मोजत मी झुडपात शिरले. हाक येईना. मागं वळून बघते तर ही दगड सोडून लांब कडुलिंबाच्या सावलीत, पदरानं वारा घेत उभी.

"एका जागी उभं राहायचं एवढं एक काम दिलं, तेही होत न्हाई तुला? घरीच बसायचं मग!"

शेजारी सतरंजीवर डबे उघडून बसलेलं एक कुटुंब खायचं थांबलं. वर्षभरानं घराबाहेर पडलेल्या बाईला मी हे म्हणाले, अण्णा. घरीच बसायचं मग.

हे वाक्य तुमचं. मी सहावीत होते. देगलूरकडच्या एका गावात दोन भावांच्या बांधाची मोजणी होती, तुमचा माणूस आला नव्हता म्हणून खुणेची झेंडी धरून एका जागी उभं राहायला तुम्ही मला नेलं. मी किती मिरवत गेले होते! गांधीलमाशी तोंडाशी आली म्हणून चार पावलं सरकले. तुम्ही तिपाईवरच्या नकाशाच्या फळीवरून मान वर केली आणि सगळ्या गावादेखत हेच बोललात. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, पण मला मात्र दोघंही हसले. परतताना देगलूरच्या स्टँडवर तुम्ही भज्यांचा पुडा माझ्या हातात दिला आणि एस. टी. येईपर्यंत रस्त्याकडं बघत राहिलात. ती माफी होती का नुसतीच भूक लागली असेल म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही. पुढं दोनदा तुम्ही विचारलंत, "येतीस का मोजणीला?" मी दोन्ही वेळा अभ्यास आहे म्हणाले. तुम्ही तिसऱ्यांदा का विचारलं नाही? एवढं मोजून दिलंत लोकांना, लेकीला एक शब्द तोंडानं बोलायला काय होत होतं?

अर्धापूरवाली जवळ आली, मोबाइल माझ्या हातात दिला. "घे बाई. तूच हुडक." आणि जाऊन बाकावर बसली. बँकवाली हळूच म्हणाली, "जा, बोल तिच्याशी." मी म्हणाले, "आधी डबी." खरंच म्हणाले. पुढचा अर्धा तास एकटी हात खरवडत फिरले आणि सापडली, एका दगडी बांधाच्या सांदीत. आत पाणी शिरून वहीचा लगदा झालेला. एक पान कसंबसं कोरडं निघालं, त्यावर तिघींची नावं लिहिली आणि धावत बाकाकडं गेले. "सापडली! तिघींची नावं लिहून आले."

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "माझं कशाला लिहिलंस? म्या कुठं हुडकली?"

आम्ही तिला गाडीतून सोडायला गेलो. अर्धापुरात घरापुढं उतरताना ती नुसतं "येते" म्हणाली. दार उघडून आत गेली आणि दार लावून घेतलं. एरवी चहाशिवाय सोडत नाही.

आज चौथा दिवस. मोबाइलवर तिला 'चुकलं माझं' असं लिहिते आणि पुसते. शेवटी म्हटलं, कागदावर लिहावं, कुणाच्या तरी हाती अर्धापूरला धाडावं. हा कागद त्याचसाठी काढला होता, अण्णा. वर तिचं नाव लिहायला गेले आणि तुमचं लिहून बसले. तुम्हाला लिहिणं सोपं पडतं, तुम्ही दार लावून घेणार नाही. तिला लिहायला मात्र भ्याले.