डाव्या हाताचा पहिला सॅल्यूट

मी, वेंडेल ओटिस ट्रॅमेल, वय ७८, निवृत्त फर्स्ट सार्जंट, राहणार लॉटन, ओक्लाहोमा, हे मृत्युपत्र राजीखुशीने करीत आहे. जानेवारीत अर्धांगवायूने माझा उजवा हात नेला. डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. घर, पिकअप गाडी आणि बँकेतली शिल्लक माझी नात डेल्फीन हिला. आईबाप गेल्यावर ती सहाव्या वर्षापासून माझ्याकडेच वाढली.

२. मेहुणा व्हर्जिल याला पालापाचोळा ओढायची दाताळी. डेल्फीनला फौजेत धाडणं हा माझा म्हातारचळ आहे, असं तो चारचौघांत म्हणाला होता. दाताळीचे तीन दात पडले आहेत, याची मला कल्पना आहे.

३. मासे धरायच्या काठ्या शेजारी सार्जंट युसेबियो लुना याला. ज्याला काही मिळतं तो इथे साक्षीदार होऊ शकत नाही, म्हणून तो फुगून बसला आहे.

४. चांदीचा डॉलर. याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

आमच्या फौजेतली रीत आहे: नव्या अधिकाऱ्याला पहिला सॅल्यूट ठोकणाऱ्या शिपायाला तो अधिकारी चांदीचा डॉलर देतो. डेल्फीनने तो मान लहानपणीच माझ्या नावे लावून ठेवला होता. पण लुळ्या हाताने सॅल्यूट कसला करणार? मे महिन्यात ती लेफ्टनंट झाली, त्या सकाळी मी फोनवर सांगितलं, "मी येत नाही. दुसरा कोणी बघ." आणि फोन ठेवला. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

समारंभ संपताच पोरगी मागच्या दाराने सटकली. खांद्यावरची पट्टी कोणाला दिसू नये म्हणून अंगात रेनकोट, टोपी काखेत. तीन तास गाडी हाकली. पेट्रोल पंपावर दोन शिपाई दिसले, त्यांनी सॅल्यूट ठोकला तर सगळंच मुसळ केरात, म्हणून ती न थांबता निघाली. पेट्रोल संपून गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी बंद पडली. उरलेली वाट ती पळत आली.

अंगणात येऊन तिने रेनकोट फेकला, टोपी घातली.

"आजोबा, उजवा हात निकामी असेल तर डावा चालतो. नियमच आहे."

"नियम मला शिकवतेस?"

"मग उचला की हात, फर्स्ट सार्जंट! मला भूक लागलीये."

डाव्या हाताने सॅल्यूट करणाऱ्या पोरांवर मी तीस वर्षं खेकसलो. त्या दिवशी तोच हात उचलला. तिने उलट सॅल्यूट केला आणि डॉलर माझ्या तळव्यावर ठेवला. मी लहान मुलासारखा रडलो. कुंपणापलीकडून युसेबियो ओरडला, "वेंडेल, कोपर पडलंय तुझं!" जानेवारीपासून छातीवर बसलेला धोंडा उतरला. त्या रात्री मी गाढ झोपलो.

हा डॉलर कोणालाही देत नाही. तो माझ्या शवपेटीत ठेवावा.

५. हात गेल्यावर केलेल्या जुन्या मृत्युपत्रात मी लिहिलं होतं की माझ्या दफनाला कोणी गणवेशात येऊ नये, कोणी सॅल्यूट करू नये. ते लाजेपोटी लिहिलं होतं. मला सॅल्यूट हवा आहे. तो लेफ्टनंट ट्रॅमेल हिने करावा, आणि हात खाली आणायची घाई करू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

सही: वेंडेल ओ. ट्रॅमेल

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
हॅरिएट बॉग्ज, निवृत्त परिचारिका
एमॉस पेटिबोन, पाद्री

लॉटन, ओक्लाहोमा
९ सप्टेंबर २०२४