डोळे मिचकावा

४ नोव्हेंबर, हिवरखेड

नोकरी लागली, आणि तीही आईच्या नजरेपासून दूर! सकाळी अमरावतीहून निघाले, अकोटला एसटी बदलली, दुपारी इथे. रस्ताभर कापसाच्या गाड्या. एकीच्या मागे आमची बस इतकी रांगत होती की मी उतरून चालत आले असते तरी चाललं असतं. उत्तरेला सातपुडा इतका जवळ दिसतो की हात लावावा. गाव आवडलं मला.

शालिकरामभाऊंचं सेवा केंद्र स्टँडसमोरच आहे. पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांना केंद्रावर येववत नाही त्यांच्या घरी मी फोन घेऊन जायचं, चेहरा कॅमेऱ्यात धरायचा, आणि ॲप सांगेल तेव्हा त्यांना डोळे मिचकावायला लावायचे. डोळे मिचकावले की माणूस जिवंत. माझी हजेरीही रोज अशीच लागणार. आज लावली, मिचकावले, आणि एका फटक्यात जिवंत ठरले.

खोली मनकर्णामावशींकडे मिळाली. सत्तरीच्या आहेत. नवरा वामनराव तलाठी होते, ते गेले. मुलगी दामिनी अकोल्याला असते. आम्ही बौद्ध आहोत हे मी आधीच सांगून टाकलं, नंतर कटकट नको. मावशींनी ते ऐकलं न ऐकलं केलं आणि ताटात दुसरी भाकरी वाढली. खोली लहान पण उजेडाची आहे. खिडकीपाशी खुर्ची, दाराजवळच्या कोपऱ्यात खाट. आणखी काय पाहिजे माणसाला?

५ नोव्हेंबर

पहिलाच दिवस आणि डोक्याला ताप. जानराव म्हणून पाटबंधारे खात्याचे जुने चौकीदार आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांना भिंतीपाशी स्टुलावर बसवलं, फोन धरला, तर चेहऱ्यावर हिरवट ठिपका. तोही गोल नाही. पानासारखा, खाली टोक असलेला, आणि किंचित थरथरणारा. ॲप म्हणे, चेहरा स्पष्ट नाही.

असला ठिपका उजेड थेट काचेवर आला की येतो, हे मलाही कळतं. पण उजेड होता कुठे? ऊन घराच्या मागे, बल्ब बंद. ओढणीने काच पुसली, कव्हर काढलं, दार लोटलं, शेवटी माझा स्वतःचा फोन काढला. त्यातही तेच. जानराव बिचारे मी मिचकावा म्हटलं की दोन्ही डोळे गच्च मिटून बसत आणि उघडायचं विसरत. त्यांची सून हसून बेजार झाली. मी मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

शालिकरामभाऊंचं निदान तयारच होतं: "तुमचा हात हालून राहिला मॅडम. मोबाईल तं नवा कोरा हाय." माझा हात म्हणे! या हातांनी मी चुलतभावाच्या लग्नाचे सगळे फोटो काढलेत.

७ नोव्हेंबर

आज पाच घरं झाली, चार एका झटक्यात. पाचवे भगवंतराव, निवृत्त मुख्याध्यापक. पुन्हा तोच ठिपका, चेहऱ्याच्या बरोबर मध्ये. सरांनी मला प्रकाशाच्या परावर्तनावर अर्धा तास शिकवलं आणि शेवटी दोष माझाच काढला. मी नाक मुठीत धरून ऐकून घेतलं.

संध्याकाळी इरेला पेटून यूट्यूब धुंडाळलं. एक गोष्ट कामाची मिळाली. उजेड चित्राच्या ज्या कोपऱ्यात असतो, ठिपका त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला पडतो, आणि तोही उलटा. म्हणजे ठिपक्यापासून चित्राच्या मधोमध रेघ ओढून तेवढीच पुढे नेली की उजेड सापडतो. मावशींच्या टॉर्चवर करून पाहिलं, अगदी खरं आहे. मावशींना वाटलं मला अमरावतीची आठवण येते म्हणून मी भिंतीशी खेळते आहे.

मग जानरावांचा रद्द झालेला फोटो काढून रेघ ओढली. ती जाते पाण्याच्या रांजणाशेजारच्या जमिनीवर. तिथे काहीही नाही. सारवलेली रिकामी जमीन. असा राग आला की फोन गादीवर आपटला.

१० नोव्हेंबर

जानराव काल गेले. चक्कर येऊन पडले आणि संपलं. मावशींसोबत भेटायला गेले.

रांजणाशेजारी जमिनीवर पीठ पसरलं होतं, त्यावर पेटता दिवा, वर बांबूची टोपली झाकलेली. मी मावशींना हळूच विचारलं, हे काय. आमच्याकडे असलं काही करत नाहीत, मला ठाऊक असण्याचं कारण नाही. त्या म्हणाल्या, जिथं माणसाचा जीव गेला तिथं दिवा ठेवतात, आणि सकाळी पिठात पावलाचा ठसा पाहतात, पुढचा जन्म कोणता ते कळतं म्हणून. जानराव पाणी घ्यायला रांजणापाशी गेले आणि तिथेच पडले.

टोपलीच्या फटींतून ज्योत दिसत होती. लहान, पानासारखी, वर टोक असलेली. माझ्या फोटोत टोक खाली होतं. उलटा पडतो ना ठिपका.

योगायोग. मी बी.एस्सी. झालेली मुलगी आहे, असल्या गोष्टींवर मी फिदीफिदी हसते. पण आज जेवण गेलं नाही, हेही खरं.

१३ नोव्हेंबर

भगवंतराव गेले. झोपेत.

त्यांच्या फोटोतली रेघ मी आधीच ओढून ठेवली होती: देवघराच्या उंबऱ्यापाशी. आज गेले तर दिवा देवघराच्या उंबऱ्यापाशीच. घरचे म्हणाले, सरांना तिथे गार वाटायचं म्हणून परवापासून गादी तिथे टाकत होते.

म्हणजे कॅमेऱ्याला तो दिवा पेटायच्या आधीच दिसतो. लिहितानाच स्वतःची चीड येते, पण दुसरं काय लिहू? शालिकरामभाऊंना सगळं सांगितलं, फोटो दाखवले, रेघा दाखवल्या. त्यांनी चहा ढवळत ऐकलं आणि म्हणाले, "म्हातारे लोकं मरतेच न मॅडम. मरते म्हनूनच तं सरकार पुरावा मांगते." वर, उरलेली घरं आटोपल्याशिवाय सुट्टी नाही म्हणाले. डोकं भिंतीवर आपटावं की त्यांच्या डोक्यावर, हाच विचार करत परत आले.

१५ नोव्हेंबर

मावशींचा फोटो मी टाळत होते. ताप आला म्हटलं, बॅटरी संपली म्हटलं, ॲप बंद आहे म्हटलं. आज त्या खोलीत येऊन खुर्चीत ठाण मांडूनच बसल्या. "साऱ्या गावाचा फोटो काढते, माह्याच काहून नाई काढत वं पोरी? मी जित्ती नाई दिसत का तुले?"

काढला. वाटलं, या अकरा दिवसांत मला आईपेक्षा जास्त जेवू घातलं या बाईने, हिला काही होणार नाही.

ठिपका. कपाळापासून हनुवटीपर्यंत. त्या विचारत होत्या, निघाला का चांगला, आणि पदर सावरत होत्या.

त्या गेल्यावर रेघ ओढली. दोनदा तपासली. रेघ जाते दाराजवळच्या कोपऱ्यात, माझ्या खाटेच्या उशाशी. म्हणजे मावशी या खोलीत, माझ्याकडे काही द्यायला किंवा बोलायला येतील, आणि इथेच—

नाही. नाही होऊ देणार. जानरावांच्या वेळी मला कळत नव्हतं, सरांच्या वेळी पटत नव्हतं. आता कळतंही आहे आणि पटतंही आहे. त्यांना या खोलीत पाऊलच टाकू द्यायचं नाही.

१६ नोव्हेंबर

खोटं बोलले. दामिनीताईंना फोन करून सांगितलं की मावशींना चक्कर येते, घेऊन जा. मावशी चिडल्या, मी त्यांच्यावर चिडले, सगळी गल्ली ऐकत होती. इतकी कशी हट्टी ही बाई! शेवटी पिशवी मी भरली आणि एसटीत बसवून आले. खिडकीतून त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मग बस वळताना हात बाहेर आला आणि जेवत जा अशी खूण केली.

रडले. पण सुटल्यासारखंही वाटलं.

१८ नोव्हेंबर

दामिनीताईंचा फोन आला. अकोल्यात मावशींचा फोटो एका झटक्यात निघाला, ठिपका नाही, काही नाही. दाखला झाला. मावशी ठणठणीत आहेत आणि मला शिव्या देत आहेत. मी खोलीत अक्षरशः नाचले.

मग उगाच, निव्वळ खोडी म्हणून, त्या दिवशीच्याच जागेवरून रिकाम्या खुर्चीचा फोटो काढला.

ठिपका होता.

खुर्चीच्या पाठीवर, मावशींचा चेहरा जिथे होता तिथे. माणूस नाही आणि ठिपका आहे. पुन्हा काढला. आहे.

किती मूर्ख मी. जानराव आणि सर आपापल्या घरात बसले होते, म्हणून मी ठिपका त्यांचा समजत होते. ठिपका माणसाचा नसतोच. तो समोर जो बसेल त्याच्यावर पडतो. जागा फक्त दिव्याची खरी असते. आणि दिव्याची जागा मावशींच्या निजण्याची नाही. तिथे रोज डोकं ठेवून मी झोपते.

१९ नोव्हेंबर

ताप. खरा ताप, त्या दिवशी मावशींना सांगितला तसला खोटा नाही. खाट ओढत खिडकीपाशी आणली, त्यातच सगळा दम संपला. अमरावतीला धम्मदीपला, भावाला, फोन केला. उद्या संध्याकाळपर्यंत गाडी घेऊन येतो म्हणाला. उद्या कशाला? आज ये ना! पण त्याला काय सांगू, फोटो खराब येतात म्हणून?

शालिकरामभाऊंचा निरोप आला की आजारी असलात तरी हजेरी लावा, नाहीतर गैरहजर धरू. या माणसाला—

हजेरी लावली नाही. कॅमेरा उघडायची भीती वाटते.

२० नोव्हेंबर, सकाळ

रात्र गेली. खिडकीपाशीच आहे. धम्मदीप निघालाय.

२० नोव्हेंबर, दुपार

मावशी आल्या.

कोणी सांगितलं त्यांना? शालिकरामभाऊंनीच. अकोल्याहून एकट्या आल्या, एसटीने. मी नको नको म्हणत होते, आवाज फुटत नव्हता. त्यांना वाटलं मी तापात बरळते आहे. पेज पाजली. कपाळावर पट्टी ठेवली. म्हणाल्या, "मले धाडून देल्लं अन् सोता पडली. लय शहानी हायेस."

डोळा लागला असावा. उठून पाहते तर—

मावशींनी त्या कोपऱ्यात चटई टाकली आहे. माझ्यावर नजर ठेवता यावी म्हणून. डोकं बरोबर तिथे. प्रवासाने दमल्या आहेत. श्वास जोरजोरात. तोंड उघडं.

मीच आणलं त्यांना इथे. सगळं करून, खोटं बोलून, भांडून, पुन्हा इथेच—

थोड्या वेळाने

उठवलं. ओरडले त्यांच्यावर, होता तेवढा आवाज काढून. खाटेवर झोपा म्हटलं, ऐकत नाहीत. मग चहा मागितला. चहा म्हटलं की उठतात, हे बरं.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी खाटेवरून उतरले आणि चटईवर येऊन बसले. आता परत आल्या तरी या जागेवर बसता येणार नाही त्यांना. जागा भरली आहे. धम्मदीप अकोट सोडलं म्हणाला. तो येईपर्यंत इथून हलायचं नाही, एवढंच करायचं आहे.

भिंत गरम लागते. ऊन तर पलीकडच्या भिंतीवर आहे.

तेलाचा वास. मावशी चहा करत आहेत, तेलाचा वास कशाला—

बघूनच टाकते एकदा. वही मांडीवर, फोन डाव्या हातात. स्वतःकडे धरला.

ठिपका नाही! चेहरा स्वच्छ. इतका स्वच्छ आठवडाभरात कोणाचा आला नव्हता. वेडीच मी. सगळं डोक्यातलं होतं, तापातलं, मी उगाच त्या बिचाऱ्या—

नाही. इथे ठिपका कसा येईल. ठिपका समोर पडतो. मी तर उजेडाच्याच—

कानाशी गरम—

ॲप आपोआप सुरू झालं. हजेरीचं. चेहरा स्पष्ट आहे म्हणतं. डोळे मिचकावा म्हणतं.

मिचकावले.

पुन्हा तेच म्हणतं. डोळे मिचकावा.

मिचकावतेच आहे. पडद्यावर माझे डोळे उघडेच दिसतात. मावशी हाक मारत आहेत, ज्योत्स्ना, साखर किती, मी ओ देते आहे, त्यांना ऐकू—

डोळे मिचकावा.

मिचकावते आहे ना, किती वेळा, मिचकाव