शेवटच्या डब्याचा दिवा

रामघाट, काशी
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५, सकाळी सव्वासहा

तीर्थस्वरूप श्रीनिवास आजोबांस यज्ञेशचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आत्तापर्यंत मालगाडीच्या वाघिणीवरच्या लाकडी रणगाड्याला हिरवा रंग देत होतो. हात दोनदा धुऊन कागद घेतलाय.

प्रभावती आजी गेल्यापासून तुमचं पत्र नाही. मधुराआत्या फोनवर सांगते, बाबा खिडकीशी बसून असतात, दोन घास खाऊन उठतात. माझी शाळा नववीत सुटली, तेव्हा माझी पत्रं लाल शाईने सुधारून परत पाठवणारे तुम्ही एकटेच होतात. आज लाकडी खेळण्यांच्या कारखान्यात मी चार लोकांसमोर न लाजता लिहितो, ते तुमच्यामुळे.

म्हणून तुमची गाडी करतोय. एकाहत्तरच्या लढाईत तुम्ही गार्ड म्हणून मुगलसरायहून नेलेली, फौजेची. माळ्यावर फळी टाकून रूळ मांडलेत. काळं इंजिन, रणगाडे, जवानांचे डबे, शेवटी तुमचा डबा. तेव्हा उजेडबंदी होती, म्हणून एकही दिवा लावलेला नाही. कारखान्यातले बिंदुमाधवदादा चिडवतात, की दिवे लाव, तुझ्या माळ्यावर कोण बॉम्ब टाकायला येतंय. मला मात्र चूक होण्याची धास्ती वाटते. सोबत फोटो आहे. दोन ओळी लिहा, लाल शाईने लिहिल्या तरी चालतील.

आपला,
यज्ञेश

नागपूर
१७ ऑक्टोबर

चि. यज्ञेशास अनेक आशीर्वाद.

गाडी देखणी आहे आणि साफ चुकलेली आहे. शेवटच्या डब्याचा लाल दिवा कुठे आहे? उजेडबंदीत तो झाकून मंद करत असू, विझवत नसू. सिग्नलचा केबिनवाला इंजिनावर भुलत नाही, तो शेपटीचा दिवा बघतो. तो दिसला तरच गाडी पुरी आली. नाही तर मागचे डबे वाटेत तुटून राहिले असं समजायचं. गाढवा, मला वाटेतच सोडलंस.

आणखी एक. तेव्हा रामघाटच्या बायका पुऱ्यांच्या टोपल्या घेऊन मुगलसरायला येत. सगळ्याजणी जवानांच्या डब्यांपाशी थांबत, ते योग्यच होतं. एकदा एक मुलगी फलाटाच्या पार टोकापर्यंत चालत आली आणि म्हणाली, गार्डालाही भूक लागत असेल. मी तिला गाडीपासून लांब हो म्हणून दरडावलं. पुऱ्या मात्र घेतल्या. ती तुझी आजी.

हे मधुरालाही ठाऊक नव्हतं. काल जेवताना सांगितलं. तिने डोळे पुसले आणि आणखी एक पोळी वाढली. मी खाल्ली.

तुझ्या पत्रात लाल शाईला काही काम मिळालं नाही, याचा राग आहे.

तुझा,
श्रीनिवास आजोबा

रामघाट, काशी
२४ ऑक्टोबर, दुपार

तीर्थस्वरूप आजोबांस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र घरात सगळ्यांनी वाचलं. पोळीची ओळ आईने दोनदा वाचून घेतली. तुमचे उपकार मोजायला गेलो तर गाडी कधीच पुरी होणार नाही, म्हणून गप्प कामाला लागलो.

आजी झाली. लेथवर कातलेल्या लाकडाची, बोटाच्या पेराएवढी, हातात टोपली, लाखेच्या रंगाची जांभळी साडी. रंग चुकला असेल तर सांगा, खरवडून पुन्हा देईन. ती फलाटाच्या टोकाला उभी आहे, गाडीपासून लांब. तुम्ही दरडावलंत ना.

दिवाही केलाय, लाल मण्याचा, वर पत्र्याची टोपी. पण बसवलेला नाही, काडेपेटीत ठेवलाय. तो गार्डानेच लावायचा. इथली देवदिवाळी कार्तिकी पौर्णिमेला, पाच नोव्हेंबरला आहे. आत्या तुम्हाला घेऊन यायला तयार आहे, मी विचारलंय. तोवर इंजिन कितीही फेऱ्या मारो, गाडी आली असं मी कोणाला सांगणार नाही.

माया अशीच राहू द्यावी.

वाट पाहणारा,
यज्ञेश