पुढून बटणांचा कोट

मी, बाहुल्यांची शिंपीण, वय वर्षे एकोणऐंशी, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, सुईत दोरा अजून पहिल्या झटक्यात जातो आणि हे लिहायला मला कोणी बसवलेलं नाही. वकीलसाहेबांचा मसुदा फार कडक इस्त्रीचा होता, म्हणून माझ्याच शब्दांत लिहिते. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागात लिहिलं होतं, खोली भावाच्या नावावर करून.

१. तिसऱ्या मजल्यावरची माझी खोली आणि शिवणयंत्र माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीला द्यावं. भाची लिफ्ट दुरुस्त करते. यंत्राला तेल कधी घालायचं हे तिला सांगावं लागणार नाही. हे मृत्युपत्र पुरं झालं नाही तर आमचे बंधुराज खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या रचतील. त्यांनी माप घेऊनही ठेवलं आहे.

२. बाहुल्यांच्या कपड्यांचे कागदी नमुने शिवणवर्गाला द्यावेत. पहिली पंधरा वर्षं नुसत्या नवऱ्या आणि पार्टीचे झगे. मग हवाई सुंदरी, मग नर्स, पुढे डॉक्टर, वैमानिक आणि आता अंतराळवीर. कंबर मात्र तीच, माझ्या अंगठ्याएवढी. बाई चंद्रावर जाऊन आली, पण तिला जेवलीस का म्हणून कोणी विचारलेलं दिसत नाही.

३. बोथट कात्री खेळण्यांच्या दुकानदाराला. त्याचं कारण पुढच्या कलमात.

४. पत्र्याच्या डब्यातला डॉक्टरांचा पांढरा कोट भाचीला. बाहुलीचे सगळे कपडे पाठीमागून उघडायचे, कारण शिवायला ते सोपं. हा कोट मी घाईत उलटा बेतला आणि बटणं पुढे आली. दुकानदार म्हणाला, "पुढून बटणं? आता काय बाहुली स्वतः तयार होऊन कामाला जाणार?" तेव्हा सात वर्षांची भाची माझ्याजवळ बसून एका बाहुलीचा पाय खुब्यातून काढून बघत होती. मान वर न करता म्हणाली, "मग हिला कुणाची वाट बघायला नको." त्या महिन्यात तसलेच दोनशे कोट गेले. दुकानदार हल्ली ती कल्पना आपली म्हणून सांगतो. मी त्याला माफ केलं आहे, पण कात्री बोथटच.

५. त्या कोटापायी धाकटीने लेकीला डॉक्टर करायचं ठरवलं. लेक अठराव्या वर्षी लिफ्टचं काम शिकायला गेली. मी बाहुलीला पान्याच्या खिशाचा निळा डगला शिवून तिला दिला, तो धाकटीने पाहिला. म्हणाली, "ताई, तू बाहुल्यांना कपडे घाल. माझ्या मुलीला नको." त्यानंतर अकरा वर्षं ती हा जिना चढलेली नाही. आता लिहून ठेवायला हरकत नाही: भाचीने मेडिकलचा अर्ज भरला नाही, तेव्हा मीही दोन दिवस रुसले होते. डॉक्टरीणबाईची मावशी व्हायची हौस मलाही होती. डगला तिसऱ्या दिवशी शिवला. हे धाकटीला कधी सांगितलं नाही, ही चूक माझी.

६. धाकट्या बहिणीला काहीही ठेवलेलं नाही. पितळी समईसुद्धा नाही. हे वाचून ती फणफणेल, म्हणून कारण देते. वकीलसाहेब म्हणतात, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. साक्षीदार दोन लागतात. पहिला खालचा बटणवाला. दुसरी जागा धाकटीची. ती समोर बसेपर्यंत मी सही करणार नाही, आणि सही नाही तर तिच्या लेकीला खोली नाही. गुडघ्यांचं निमित्त सांगू नये. इमारतीत आता लिफ्ट आहे. ती कोण सांभाळतं हे तिने लेकीला विचारून घ्यावं.

ठिकाण: माझी खोली, खिडकीजवळचं मेज
दिनांक: या महिन्याची एकवीस, दुपारचे चार

सही: बाहुल्यांची शिंपीण

साक्षीदार पहिला: बटणवाला
साक्षीदार दुसरी: धाकटी. चष्मा लावून सगळं वाचलं. कोटाचं खालचं बटण सैल होतं, ते घट्ट केलं. लिफ्टने आले.