लुट्झ, फ्लिप आणि माझी लेखी हरकत

ती. ताईस,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच वाकलो असं समज). भावजींचा खोकला थांबला का? इकडे माझं डोकं सोडून बाकी सगळं ठीक.

रविवारच्या स्पर्धेत आपला नंबर गेला हे तुझ्या लेकीने फोनवर सांगितलंच असेल. पण तो कसा गेला हे आपल्या घरात फक्त मला ठाऊक आहे, आणि तीन दिवस झाले तरी मी त्या धक्क्यातून सावरलेलो नाही.

तुला माहीतच आहे, बर्फाच्या रिंकमागच्या खोलीत बसून अठरा वर्षं मी स्केटच्या पात्यांना धार लावतो. प्रत्येक पात्याला दोन कडा, आतली आणि बाहेरची. कुणाकडे न शिकता, नुसतं खिडकीतून बघून, मी उड्या ओळखायला लागलो. त्यात लुट्झ आणि फ्लिप म्हणजे जुळ्या बहिणी. दोन्हींत मुलगी पाठमोरी येते, एका पायावर तोल धरते, दुसऱ्या पायाचं दातेरी टोक बर्फात रोवते आणि उडते. उडताना तोल बाहेरच्या कडेवर असेल तर लुट्झ, आतल्या कडेवर असेल तर फ्लिप. (कित्येक आईबापांना पोरगी पडली की नाही, एवढंच कळतं.) यावर मी माझा सुटसुटीत नियम बसवला होता: डावीकडे कलली तर लुट्झ, उजवीकडे कलली तर फ्लिप.

तर तुझ्या लेकीने लुट्झ म्हणून आधी लिहून दिलेली उडी घेतली आणि माझ्या डोळ्यांदेखत उजवीकडे कलली. शेजारी तिकीटवाला होता. म्हणाला, "मामा, घरची पोर आहे, सोडून द्या की." मी म्हटलं, "कड ती कड. घरची असो नाहीतर दारची." आणि लेखी हरकत दिली. मुद्देसूद, दीड पान.

परीक्षकबाईंनी चित्रण संथ करून पाहिलं, मला बोलावलं आणि शांतपणे विचारलं, "काका, ही मुलगी गिरकी कुठल्या बाजूला घेते?" ताई, तुझी लेक डावखुरी. इतर मुलींच्या उलट गिरकी घेते, उजव्या पायावरून उडते. आणि उजव्या पायाची बाहेरची कड उजवीकडेच असणार. (तिच्या सरावाच्या वेळी मी मशीनवर असतो, हे माझं एकमेव समर्थन.) लुट्झ शंभर टक्के लुट्झ होती.

तिथेच संपलं असतं तर बरं. पण बाई म्हणाल्या, आता काढलंच आहे तर फ्लिपही बघून घेऊ. फ्लिप बाहेरच्या कडेवरून निघाली. तोवर ते कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, माझ्यासकट. गुण कापले, तिसरीची चौथी झाली, आणि संघात तिघीच जातात.

तुझा धाकटा,
(शिकतो आहे)

ता. क. हरकत कुणाची, ते गुप्त ठेवतात. चौथीची तिसरी झाली ती तुझ्या लेकीची जिवाभावाची मैत्रीण, तिच्या घरच्यांवरच हिचा संशय. दोघी बोलत नाहीत. मला विचारत होती, "मामा, अशी कशी रे असतात माणसं?" मी म्हटलं, "असतात."

ता. क. २. हरकत कुणाची, ते तूच तिला सांग. माझ्याने होत नाही. पुढच्या गुरुवारी ती पात्यांना धार लावायला येते, त्याआधी सांग. मग ती आली नाही तरी चालेल, पण बूट कुणाच्या तरी हाती माझ्याकडेच पाठवायला लाव. तिच्या पात्याची धार दुसऱ्या कुणाला जमायची नाही.