गाऊनमधला बाप

३ मार्च
उद्या बायकोची सुट्टी संपणार, माझी सुरू. ती बंदरावर क्रेन चालवायला परत जाणार, मी छकुली सांभाळणार. नळांच्या कारखान्यात तपासणीला माझ्या हाताखालून एक गळका नळ सुटत नाही. हे तर एकच मूल. आईने फोनवर विचारलं, मी येऊ का? म्हटलं, गरज नाही, आजचे बाप वेगळे असतात. ती म्हणाली, दिसेलच.

४ मार्च, दुपार
छकुली सकाळपासून रडतेय. माझी सिस्टिम उत्तम आहे, तिला अजून समजलेली नाही. आईला फोन लावला. मदतीसाठी नव्हे, सहज. रडणं ऐकून ती हसली. मीच फोन ठेवला.

६ मार्च
शोध लागला. बायकोचा जांभळ्या फुलांचा गाऊन शर्टावरून चढवला. छकुली गप्प, आणि बघता बघता खांद्यावर झोपली. उपाय तात्पुरता आहे. खरं काम माझा स्पर्शच करतो.

९ मार्च
गाऊन हवेशीर आहे. पुरुषजातीने उगीच विजारी शिवून घेतल्या. कुरियरवाला मान वर न करता म्हणाला, ताई, सही करा. वर बघितल्यावर मिशी दिसली, तरी ताईच म्हणाला. सही केली.

१२ मार्च
छकुली पहिला शब्द बोलायच्या बेतात आहे. तो 'बाबा'च असणार. दिवसभर प्रॅक्टिस घेतोय. उद्यापासून गाऊन बंद.

१५ मार्च
गाऊन सोमवारपासून बंद.
छकुली बोलली. माझ्याकडे बघून, स्पष्ट: 'आई.' नेमकी तेव्हाच बायको दारात, डोक्यावर अजून हेल्मेट. मला आधी अभिमान वाटला, मग तिचा चेहरा दिसला. समजूत घातली की शब्दाला महत्त्व नाही, भूमिकेला आहे. बोललो नसतो तर बरं झालं असतं. ती न जेवताच झोपली.

१६ मार्च, रविवार
तह झाला. गाऊन कोणीच घालायचा नाही. तो खुर्चीवर टाकला आणि आम्ही दोघं जमिनीवर हात पसरून बसलो. कोणाकडे येते बघू. छकुली रांगत निघाली, आमच्या मधून सरळ पुढे गेली, खुर्चीवरून लोंबणारा गाऊन गच्च धरला. म्हणाली, 'आई.' आणि त्यातच तोंड खुपसून झोपली.

बायकोने खुर्चीवरच्या गाऊनकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "उद्या आपण दोघंही कामावर जाऊ. ही आई आहे ना घरी."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. पण पोर झोपली होती, आवाज करायची हिंमत झाली नाही.